प्रत्यक्ष आणि आभासी जागा एकत्र रचताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वास्तुरचनेचे विद्यार्थी, नेपथ्यकार, संग्रहालयांत प्रदर्शनाची मांडणी करणारे आणि इंटिरियरची कामे घेणारे लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर सुटे वाचता येईल. एखादा मुद्दा दुसरीकडे सविस्तर आला असेल, तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. हे नेमकं काय असतं? थ्रीडी वॉकथ्रू म्हणजेच हे ना?

नाही. वॉकथ्रू, म्हणजे पडद्यावर घरातून फिरवणारे चित्रण, पाहताना तुम्ही ज्या खुर्चीत बसता, तिचा पडद्यावरच्या घराशी काहीही संबंध नसतो. इथे तो संबंध हीच रचना असते. पाय खऱ्या फरशीवर, हात खऱ्या प्लायवर, आणि डोळ्यांना, हेडसेटमधून (डोळ्यांवर लावायच्या पडद्यातून) किंवा प्रोजेक्टरच्या प्रकाशामुळे, त्याच ठिकाणी कोरीव दगडी खांब दिसतो. हात जिथे टेकतो तिथेच तो खांब दिसला पाहिजे.

१९९४ मध्ये मिलग्राम आणि किशिनो या संशोधकांनी एका टोकाला पूर्ण प्रत्यक्ष आणि दुसऱ्या टोकाला पूर्ण आभासी अशी एक रेषा मांडली. या पानावरचे सगळे प्रश्न त्या रेषेच्या मधल्या पट्ट्यातले आहेत. निव्वळ ऑनलाइन जगात प्लॉट घेऊन बांधलेली घरे इथे विचारात घेतलेली नाहीत.

२. याची सुरुवात हेडसेट बाजारात आल्यावर झाली का?

डोक्यावर लावायचा पहिला पडदा आयव्हन सदरलँड यांनी १९६८ मध्ये दाखवला. तो इतका जड होता की छताला टांगावा लागे. १९९२ मध्ये शिकागोच्या इलिनॉय विद्यापीठात भिंतींवर प्रतिमा टाकून सुमारे तीन मीटरची आभासी खोली उभी केली गेली. पण वास्तुविशारदांनी वेगळ्या वाटेने सुरुवात केली होती. तोयो इतो यांनी १९८६ मध्ये योकोहामात भूमिगत बाजाराच्या वायुवीजनाच्या मनोऱ्याला जाळीदार ॲल्युमिनियमचे आवरण घातले आणि आतले दिवे वाऱ्यावर व रस्त्याच्या आवाजावर बदलते ठेवले. १९९७ मध्ये नेदरलँड्समधील नेल्त्ये यान्स इथे लार्स स्पाउब्रुक यांच्या नॉक्स या गटाने गोड्या पाण्याचा मंडप बांधला. त्यात सपाट जमीन जवळपास नव्हतीच, आणि माणसांच्या हालचालीवर प्रकाश आणि आवाज बदलत. न्यूयॉर्कच्या शेअर बाजारासाठी असिम्टोट या कार्यालयाने १९९९ च्या सुमारास व्यवहारांची त्रिमितीय आभासी जागा रचली आणि त्याच इमारतीत खऱ्या पडद्यांचे कामकाज-केंद्रही केले.

दोन उदाहरणांचा आवर्जून अभ्यास करा. पहिले २००२ चे, स्वित्झर्लंडमधल्या इव्हरदाँ इथले. डिलर आणि स्कोफिडिओ या वास्तुविशारदांनी तळ्यावर पोलादी सांगाडा उभा करून सुमारे ३१,५०० तोट्यांमधून तळ्याच्याच पाण्याचे धुके उडवले. येणाऱ्यांना माहिती साठवणारे, एकमेकांना ओळखून रंग बदलणारे कोट द्यायची मूळ योजना होती. ते कोट प्रत्यक्षात आले नाहीत. तरीही इमारत लोकांच्या लक्षात राहिली, कारण धुक्याचा अनुभव कोटांवर अवलंबून नव्हता. दुसरे २००३ चे, ऑस्ट्रियातल्या ग्राझचे कुन्स्टहाउस हे कलासंग्रहालय. त्याच्या फुगीर आवरणामागे ४० वॅटचे ९३० गोल दिवे आहेत आणि प्रत्येक दिवा म्हणजे प्रतिमेचा एक ठिपका. इतक्या कमी ठिपक्यांत चित्र नीट दिसत नाही, पण हालचाल नक्की कळते. ठिपके वाढवण्यापेक्षा ते भिंतीच्या अंगात कसे मुरवले आहेत हे तिथे पाहण्यासारखे आहे.

३. आपल्या आसपास असं काही आहे का?

हंपी. जेफ्री शॉ आणि सारा केंडरडाइन यांचे ‘प्लेस-हंपी’ हे काम विजयनगरच्या अवशेषांवर आहे. गोल पडद्याच्या मधोमध मोटरवर फिरणारा मंच असतो. प्रेक्षक तो स्वतः फिरवतो, तसतशी पडद्यावरची प्रकाशाची खिडकी फिरते आणि अवशेषांची त्रिमितीय चौफेर दृश्ये उलगडत जातात. हेडसेट लागत नाही, साधा त्रिमितीय चष्मा पुरतो. हे काम २००६ पासून परदेशात दाखवले गेले आणि पुढे हंपीजवळच्या कलाधाम संग्रहालयात कायमचे बसवले गेले. महाराष्ट्रातून हंपीला जाणाऱ्यांची कमी नाही. तिथे गेलात तर दोन्ही पाहा, आणि आधी खरे अवशेष पाहा.

४. हेडसेट, प्रोजेक्टर की मोबाइल : निवड कशी करायची?

एका वेळी किती माणसे आणि हाताला स्पर्श हवा का, या दोन प्रश्नांवर निवड होते.

स्पर्श हवा आणि माणसे मोजकी असतील तर हेडसेट. माणसे अनेक, एकमेकांकडे पाहणारी, बोलणारी असतील तर प्रोजेक्टर. मोबाइल फक्त ‘इथे काय होते’ हे दाखवायला ठीक. हातात धरलेल्या छोट्या चौकटीतून जागेचा आवाका जाणवत नाही, शिवाय एक हात अडकतो.

हेडसेटमध्ये दोन जाती आहेत. पारदर्शक काचेच्या हेडसेटमध्ये खोली थेट दिसते आणि आभासी वस्तू प्रकाशाने रंगवली जाते. त्यामुळे काळा रंग दाखवता येत नाही, काळे ते पारदर्शक होते. कॅमेऱ्यातून खोली दाखवणाऱ्या हेडसेटमध्ये काळा दिसतो, पण हाताजवळच्या वस्तू थोड्या वाकड्या दिसतात. बेसाल्टची काळी मूर्ती दाखवायची असेल तर पहिली जात तिथेच बाद.

५. जागा किती लागते? आमच्याकडे एकच खोली आहे.

तीन मीटर बाय तीन मीटर मोकळी जमीन हा पहिल्या प्रयोगासाठी चांगला आकार आहे. भोवती निदान अर्धा मीटर पट्टा वेगळा ठेवा, कारण माणसाचा हात पायाच्या पुढे जातो. चाकाची खुर्ची वळवायला दीड मीटर व्यासाचे वर्तुळ लागते. ते सुरुवातीलाच नकाशात काढा.

‘छोट्या खोलीत मोठा वाडा फिरवता येतो’ असे सांगितले जाते, ते अर्धे खरे आहे. दृश्य नकळत फिरवून माणसाला वळवत ठेवण्याचे तंत्र आहे. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीनुसार चालण्याचे अंतर सुमारे १४ टक्के कमी किंवा २६ टक्के जास्त भासवले तर माणसाला कळत नाही. पण सरळ चालतो आहोत असे वाटत असताना त्याला वर्तुळात चालवायचे, तर त्या वर्तुळाची त्रिज्या किमान २२ मीटर हवी. म्हणजे शाळेचे मैदान. एका खोलीत एका खोलीएवढीच रचना करा. ती उत्तम होऊ शकते.

६. जुन्या खोलीचं मोजमाप कसं घ्यायचं? भिंती काटकोनात नाहीत.

नसतातच. वाड्यातली भिंत तळाशी आणि छताशी वेगळ्या रेषेत असते. म्हणून फक्त लांबी-रुंदी मोजून भागत नाही.

आधी जमिनीवर सुतळी ताणून एक आधाररेषा घ्या. तीन-चार-पाच मीटरचा त्रिकोण करून तिला काटकोनात दुसरी रेषा काढा. गुण्या इथे अपुरा पडतो, कारण त्याच्या लहान भुजेवरची चूक लांब अंतरावर वाढते. मग प्रत्येक कोपरा या दोन रेषांपासून मोजा आणि दोन्ही कर्ण वेगळे मोजून ताडा. भिंतीचा झुकाव ओळंब्याने जमिनीपासून १०, १०० आणि २०० सेंटीमीटर उंचीवर टिपा. जमिनीचा उतार पाण्याच्या पारदर्शक नळीने काढा. चार मीटरमागे दोन-तीन सेंटीमीटर उतार जुन्या शहाबादी फरशीत सहज निघतो, आणि आभासी जमीन सपाट ठेवली की एका टोकाला पाय फरशीत बुडाल्यासारखा दिसतो.

७. मोबाइलवर स्कॅन केलं तर हे सगळं टाळता येईल ना?

नाही, पण काम हलके होते. फोनमधला लेझर स्कॅनर साधारण पाच मीटरपर्यंत पोहोचतो आणि त्याची अचूकता सेंटीमीटरमध्ये आहे. खोलीला फेरी मारून सुरुवातीच्या जागी परत आलात की भिंतीची दोन टोके जुळत नाहीत, हा नेहमीचा दोष. छायाचित्रांवरून मॉडेल करणार असाल तर लागोपाठच्या दोन छायाचित्रांत ७० ते ८० टक्के भाग सारखा यायला हवा, आणि मधेच दिवे लावू-विझवू नयेत.

स्कॅन रंग-पोतासाठी वापरा, मापे प्रश्न ६ प्रमाणे टेपने घ्या, आणि स्कॅन त्या मापांवर बसवा. उलट करू नका. स्कॅनमधून आलेले मॉडेल तसेच हेडसेटमध्ये टाकू नका, मॉडेलचे पृष्ठ ज्या बारीक त्रिकोणांनी बनते, ते कोट्यवधी झाले की यंत्र गुदमरते. स्वतंत्र चालणाऱ्या हेडसेटसाठी एका वेळी दिसणारे त्रिकोण काही लाखांत बसवावे लागतात. भिंत नव्याने सपाट पृष्ठांनी काढा आणि तिच्यावर स्कॅनचा रंग चढवा.

८. मॉडेल हेडसेटमध्ये उघडलं की हजारपट मोठं दिसतं, आडवं पडतं किंवा थरथरतं. काय चुकतं?

तीन वेगळ्या चुका आहेत.

हजारपट : वास्तुविशारद मिलिमीटरमध्ये काढतो, युनिटी मीटर मोजते, अनरियल सेंटीमीटर (या दोन्ही हेडसेटमधले दृश्य चालवणाऱ्या संगणकप्रणाली). फाइल पाठवण्याआधी मॉडेलमध्ये बरोबर एक मीटरचा घन ठेवा आणि पलीकडे तो किती भरतो ते पाहा.

आडवं : ब्लेंडर (मॉडेल काढायची प्रणाली) आणि अनरियल यांत वरची दिशा झेड अक्षाची, युनिटीत वाय अक्षाची. फाइल नेतानाच्या सेटिंगमध्ये दुरुस्त करा. नंतर हाताने ९० अंश फिरवलेले मॉडेल पुढच्या बदलाच्या वेळी पुन्हा आडवे होते.

थरथरतं : हे फार थोड्यांना माहीत असते. सर्वेक्षणाचे यूटीएम आकडे (पृथ्वीवरची जागा मीटरमध्ये सांगणारे) तसेच वापरले की पुण्यातल्या एखाद्या जागेचा उत्तर दिशेचा आकडा २० लाख मीटरच्या वर जातो. हेडसेटमधले गणित बहुधा ३२ बिटांच्या आकड्यांत चालते, आणि इतक्या मोठ्या आकड्यावर दोन शेजारच्या किमतींमध्ये साडेबारा सेंटीमीटरचे अंतर पडते. भिंतीचा कोपरा त्याच पायऱ्यांवर उड्या मारतो. मूळबिंदू खोलीतच घ्या, शक्यतो दाराच्या उंबऱ्याजवळ.

९. आभासी खोली खऱ्या खोलीवर तंतोतंत बसवायची कशी?

या सगळ्या कामाचा गाभा जुळवणी हाच आहे. वेळेचा मोठा हिस्सा इथे द्या. मॉडेल थोडे साधे चालेल, जुळवणी ढिली चालणार नाही.

बहुतेक जण छापलेला एक मार्कर (कॅमेऱ्याला ओळखता येणारी चौकोनी खूण) भिंतीवर चिकटवतात आणि त्यावरून सगळी खोली बसवतात. मार्करजवळ ती छान बसते आणि पलीकडच्या भिंतीवर काही सेंटीमीटर सरकते. कारण साधे आहे. २० सेंटीमीटरच्या मार्करच्या कडेला एक मिलिमीटरची चूक झाली तर कोन ०.२९ अंशाने हुकतो, आणि पाच मीटरवर तो अडीच सेंटीमीटर होतो. एका अंशाची चूक असेल तर पावणेनऊ सेंटीमीटर. त्याऐवजी चार मीटर अंतरावरचे दोन बिंदू घेतले आणि एकात दोन मिलिमीटरची चूक झाली, तरी पाच मीटरवर फरक अडीच मिलिमीटरच राहतो. म्हणून बिंदू जितके लांब, तितकी जुळवणी घट्ट.

कृती अशी. जमिनीवर तीन बिंदू कायमचे पक्के करा : एक उंबऱ्याजवळ, दुसरा समोरच्या भिंतीपाशी, तिसरा बाजूला. चौथा बिंदू फक्त तपासणीसाठी ठेवा. तिन्ही बिंदूंमधली अंतरे टेपने मोजा. ती मॉडेलमधल्या अंतरांशी दोन मिलिमीटरच्या आत जुळली पाहिजेत, नाही तर मोजमापच चुकले आहे, प्रश्न ६ वर परत जा. मग सुताराकडून लाकडाचा एक ठोकळा करून घ्या. त्यात हेडसेटचा कंट्रोलर (हातात धरायचे उपकरण) दर वेळी एकाच पद्धतीने बसेल अशी खाच आणि खाली बिंदूवर टेकणारे टोक हवे. नुसत्या हाताने धरलेला कंट्रोलर दर वेळी सेंटीमीटरभर इकडेतिकडे होतो. ठोकळा तिन्ही बिंदूंवर टेकवून नोंद घ्या आणि मॉडेल त्यावर बसवा.

बसवताना दोन गोष्टी कुलूपबंद ठेवा. एक, मापाचे प्रमाण कायम एकास एक. प्रोग्रामला मॉडेल ताणायची मुभा दिली तर तो मोजमापातली चूक ताणून लपवतो. दोन, उभा अक्ष. खाली कुठे आहे हे हेडसेटला गुरुत्वाकर्षणावरून कळते, तेव्हा फक्त उभ्या अक्षाभोवती फिरवा आणि सरकवा. शेवटी चौथ्या बिंदूवर पाहा : पाच मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर पुन्हा. प्रदर्शन चालू असताना दर सकाळी आणि दुपारी हीच तपासणी करा, कारण ट्रॅकिंग, म्हणजे हेडसेटने स्वतःची जागा ओळखत राहणे, हळूहळू सरकते.

१०. खऱ्या वस्तू किती बांधायच्या? सगळा वाडा प्लायमध्ये करायचा का?

जिथे हात, पाय आणि पाठ टेकते तेवढेच बांधा. उंबरा, कठडा, बसायचा ओटा, दाराची चौकट, खांबाचा खालचा दोन मीटर भाग. वरची कमान आणि कडीपाट आभासीच ठेवा.

थोड्याशा स्पर्शाने किती फरक पडतो, हे नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाच्या प्रयोगात दिसले. आभासी खोलीत पायांपुढे खोल खड्डा दाखवला होता. त्याच्या काठाच्या जागी जेमतेम चार सेंटीमीटर उंचीची लाकडी फळी ठेवल्यावर पाहणाऱ्यांच्या हृदयाचे ठोके फळी नसतानापेक्षा जास्त वाढले. पायाच्या बोटांना कड लागणे पुरेसे होते.

सांगाडा १८ मिलिमीटर प्लायचा, आवरण १२ मिलिमीटरचे. कडा रंध्याने गोल करा आणि पॉलिश पेपर मारा, कारण हेडसेट लावलेला माणूस हात सावरून ठेवत नाही. दगड दाखवायचा तर प्लायवर वाळू मिसळलेला रंग द्या. गुळगुळीत पृष्ठावर डोळ्यांना खडबडीत दगड दिसला की फसवणूक लगेच कळते. वस्तू जमिनीला घट्ट बसवा. हललेली वस्तू म्हणजे मोडलेली जुळवणी.

आभासी पृष्ठ खऱ्या पृष्ठाच्या अर्धा ते एक सेंटीमीटर पुढे ठेवा. ते मागे गेले तर भिंत दूर दिसत असतानाच हात आदळतो आणि माणूस दचकतो. पुढे असेल तर बोट किंचित रुतल्यासारखे दिसते, त्याकडे सहसा कुणाचे लक्ष जात नाही.

११. मधेच सगळं दृश्य उडी मारतं किंवा गोठतं. हेडसेट खराब आहे का?

बहुधा खोली ‘खराब’ असते. हेडसेटचे कॅमेरे भिंतीवरच्या खुणा पाहून आपली जागा ओळखतात. कोरी पांढरी भिंत, एकसारख्या टाइल्स, मोठी काच, आरसा आणि अंधार, या पाचांत ते चुकतात. कोऱ्या भिंतीवर वेगवेगळ्या आकारांची चित्रे विस्कळीत लावा. समान अंतरावर लावली तर ती टाइल्ससारखीच फसवतात. आरसे कापडाने झाका.

हेडसेटच्या सेटिंगमध्ये विजेच्या वारंवारतेचा पर्याय असेल तर ५० हर्ट्झ निवडा. परदेशातून आणलेल्या यंत्रात तो ६० वर असू शकतो, आणि मग आपल्या ट्यूबलाइटच्या लुकलुकण्याने ट्रॅकिंग अडखळते. खिडकीतून येणाऱ्या उन्हाला पडदा लावा. हेडसेटचे भिंग उन्हात उघडे राहिले तर ते किरण एकत्र आणून आतला पडदा कायमचा जाळते, अगदी थोड्या वेळात. टेबलावर ठेवताना भिंगे खाली करून, कापडावर ठेवा.

१२. पाहणाऱ्यांना मळमळतं. त्यांना सवय नाही म्हणून का?

सवयीवर ढकलू नका. डोळ्यांना हालचाल दिसते आणि कानातल्या तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेला ती जाणवत नाही, म्हणून मळमळते. माणूस स्वतःच्या पायांनी चालत असेल तर हे फार कमी होते. बटण दाबून सरकवणे पूर्ण टाळा. डोके वळवल्यापासून चित्र बदलेपर्यंतचा वेळ २० मिलिसेकंदांच्या आत हवा. ७२ चित्रे प्रति सेकंद म्हणजे प्रत्येक चित्राला १३.९ मिलिसेकंद, ९० असतील तर ११.१. मॉडेल जड झाले की हे आधी कोसळते, तेव्हा प्रश्न ७ पाहा. दोन बुबुळांमधले अंतर प्रत्येकासाठी नव्याने लावा. सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा लखलखणारे काहीही दाखवू नका, अपस्मार असलेल्यांना त्याने झटका येऊ शकतो.

१३. प्रोजेक्टर किती ल्युमेनचा घ्यायचा?

ल्युमेनला (प्रोजेक्टरच्या एकूण उजेडाला) क्षेत्रफळाने भागा, म्हणजे लक्स (दर चौरस मीटरवरचा उजेड) मिळतात. चार मीटर रुंद आणि अडीच मीटर उंच चित्र म्हणजे दहा चौरस मीटर. पाच हजार ल्युमेनमधून भिंतीवर ५०० लक्स पडतात. खोलीत ट्यूबलाइटचे १०० लक्स असतील तर सर्वांत उजळ आणि सर्वांत काळ्या भागाचे प्रमाण ६०० ला १००, म्हणजे जेमतेम सहापट. चित्र धुऊन निघाल्यासारखे दिसते. तेच दिवे मंद करून १० लक्सवर आणले तर प्रमाण ५१ पट होते. दुप्पट किमतीचा प्रोजेक्टर घेण्याआधी दिवे आणि खिडक्या आवरा. दिवा जुना होतो तसा उजेडही घटतो, म्हणून हिशेब छापील आकड्याच्या ७० टक्क्यांवर करा.

यानंतर भिंतीचा रंग. चुन्याची पांढरी भिंत पडलेल्या प्रकाशाचा सुमारे ८० टक्के भाग परत देते. आपला काळा पाषाण १० टक्क्यांच्या आसपास. म्हणजे तोच प्रोजेक्टर दगडावर आठपट फिका. दगडावर बारीक अक्षरे आणि गडद रंग टाकू नका. मोठे, उजळ, हळू हलणारे आकार टाका, किंवा दगडापुढे चुना दिलेला सुटा फळा उभा करा. दगडालाच चुना फासणे हा उपाय नव्हे.

१४. खांब आणि कमानीवर चित्र बसवताना कडा का सुटतात?

कारण प्रोजेक्टर मॉडेलमध्ये जिथे ठेवला आणि प्रत्यक्ष जिथे आहे, त्यात फरक असतो. खांबाचे मॉडेल अचूक घ्या, मग प्रोजेक्टरची जागा खांबावरचे किमान सहा, एकाच पातळीत नसलेले बिंदू जुळवून काढा. चारही कोपरे ओढून ‘बसवलेले’ चित्र सपाट भिंतीवर चालते, गोलाईवर नाही. कीस्टोनने (प्रोजेक्टरमधल्या तिरकेपणा घालवणाऱ्या सेटिंगने) चित्र सरळ करणे टाळा, त्यात ठिपके वाया जातात. प्रोजेक्टर हलवा किंवा भिंग सरकवा.

चार मीटरमध्ये १९२० ठिपके म्हणजे एक ठिपका दोन मिलिमीटरचा. चांगल्या नजरेला तो साधारण सात मीटरपर्यंत सुटा दिसतो. तेव्हा कड एका ठिपक्याइतकी मऊ ठेवा. दीड प्रक्षेप-गुणोत्तराच्या (अंतर भागिले चित्राची रुंदी) भिंगाला चार मीटर रुंदीसाठी सहा मीटर मागे जावे लागते. प्रोजेक्टर डोक्याच्या वर, तिरका आणि शक्यतो दोन बाजूंनी लावा, नाही तर प्रेक्षकाचीच सावली चित्रावर पडते.

१५. खोलीतला आरसा ठेवायचाच आहे. काय होईल?

कॅमेऱ्याच्या हेडसेटमध्ये आरशात खरी खोली दिसेल, आभासी खांब दिसणार नाही, आणि सगळा भास तिथेच तुटेल. आरशाच्या जागी आभासी आरसा दाखवायचा, म्हणजे अख्खी खोली उलट बाजूने पुन्हा काढायची. कामाचा बोजा जवळपास दुप्पट. ट्रॅकिंगची अडचण प्रश्न ११ मध्ये आहे.

१६. सपाट जमिनीवर जिना दाखवता येतो का?

पाहण्यापुरता दाखवा, चढायला देऊ नका. डोळ्यांना पायरी आणि पायाला सपाट जमीन मिळाली की पाऊल चुकते. खऱ्या एक-दोन पायऱ्या बांधल्यात तर कठडाही खराच हवा, आणि शेजारी हात द्यायला माणूस उभा हवा. उताराचेही तेच.

१७. हे फक्त दाखवण्यासाठी, की बांधकामातही उपयोग होतो?

होतो, आणि आमच्या मते खरी ताकद तिथेच आहे. २०१९ मध्ये एस्टोनियातल्या टॅलिनमध्ये ‘स्टीमपंक’ नावाचा मंडप उभा राहिला. फोलोग्राम या गटाने सुमीन हाम आणि इगोर पँतिच यांच्याबरोबर तो केला. वाफेवर मऊ केलेल्या लाकडी पट्ट्या कारागिरांनी हाताने वाकवल्या. हव्या त्या वळणाची आकृती त्यांना हेडसेटमधून हवेतच दिसत होती. नकाशा वाचून वळण मनात आणण्याची गरज उरली नाही, आणि हाताचे कसब मात्र पुरेपूर लागले.

आपल्याकडे वक्र विटांच्या भिंतीसाठी हे करून पाहण्यासारखे आहे. आभासी रेषा ओळंब्याची जागा घेत नाही, हे ध्यानात ठेवा : दर चौथ्या-पाचव्या थराला ओळंबा लावा आणि प्रश्न ९ ची तपासणी करा. सिमेंटच्या धुळीत भिंगे खरवडतात, धूळ बसलेली असताना ती कोरडी पुसू नका.

१८. एका दिवसात किती लोक पाहू शकतात?

सहा मिनिटांचा अनुभव, वर हेडसेट चढवणे, बसवणे, समजावणे, पुसणे मिळून तीन मिनिटे. म्हणजे एका हेडसेटवर तासाला सहा-सात जण. बॅटरी साधारण दोन तास, म्हणून चार हेडसेट फिरते ठेवायचे तर आणखी निदान दोन चार्जिंगवर हवेत.

मुंबई-कोकणच्या दमट हवेत चेहऱ्याला लागणारा फोम घाम पितो. सिलिकॉनचे आवरण लावा आणि दर वापरानंतर पुसा. भिंगांना मात्र अल्कोहोल लावू नका, त्यांवरचा लेप जातो, कोरडे मऊ कापड वापरा. एसीतल्या थंड खोलीतून बाहेर आणलेल्या भिंगांवर वाफ धरते, त्यांना दहा मिनिटे द्या. लहान मुलांसाठी यंत्र बनवणाऱ्याने दिलेली वयोमर्यादा पाळा.

१९. वीज गेली तर?

संगणक, राउटर आणि प्रोजेक्टर दहा मिनिटे चालतील इतका यूपीएस हवा. जुन्या पद्धतीचा दिव्याचा प्रोजेक्टर पंखा न चालता एकदम बंद पडला की दिव्याचे आयुष्य घटते. वीज आल्यावर संगणक आपोआप सुरू होईल आणि प्रयोग स्वतः उघडेल अशी सोय करून ठेवा. ती मुख्य स्विच ओढून खरोखर तपासा. अंधार झाला की हेडसेटमधल्या माणसाला आधी आवाजाने सांगा, मग खांद्याला हात लावा. बाहेर जायचा रस्ता आभासी दृश्यातही खऱ्याच जागी दिसला पाहिजे. खरे दार आभासी भिंतीने बुजवायचे नाही, रचना कितीही सुंदर दिसत असली तरी.

२०. किल्ल्यावर किंवा जुन्या वाड्यात करायला परवानगी लागते का?

भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षित स्मारकात कार्यक्रमाची परवानगी आधी घ्यावी लागते. संरक्षित हद्दीपासून १०० मीटर निषिद्ध क्षेत्र आणि त्यापुढे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र आहे. तिथे बांधकामाला बंधने आहेत, म्हणून उंच मचाण किंवा मांडव घालायचा असेल तर आधी विचारा. राज्य संरक्षित स्मारकांसाठी राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाकडे जा. भिंतीत खिळा, स्क्रू, चिकटपट्टी काहीही नको. सगळे आपल्या वजनावर उभे राहणारे हवे.

खासगी वाड्यात मालकाची लेखी संमती घ्या, आणि स्कॅनमध्ये काय काय येते ते त्यांना दाखवा. देवघर, भिंतीवरचे फोटो, कपाटातली कागदपत्रे नकळत टिपली जातात. ती काढून मगच फाइल कुणाला द्या.

२१. हेडसेट न लावणाऱ्यांनी काय पाहायचं?

ज्यांना तोल, दृष्टी, गरोदरपण किंवा नुसती अनिच्छा यांमुळे हेडसेट नको, असे लोक प्रत्येक गटात असतात. त्यांच्यासाठी शेजारी टीव्ही लावणे ही पळवाट आहे. प्लायचा ओटा, उंबरा, चौकट हे सगळे हेडसेटशिवाय पाहण्याजोगे, बसण्याजोगे करा. इव्हरदाँचे धुके आठवा (प्रश्न २).

२२. पाच-सात वर्षांनी हे चालेल का?

तसेच्या तसे चालणार नाही. मायक्रोसॉफ्टच्या होलोलेन्स या पारदर्शक काचेच्या हेडसेटची पहिली आवृत्ती २०१६ मध्ये आली, दुसरी २०१९ मध्ये, आणि २०२४ मध्ये उत्पादन थांबले. त्यावर बेतलेली कामे आज दुसऱ्या यंत्रावर नेण्याची वेळ आली आहे.

यंत्राबरोबर काम मरू नये म्हणून चार गोष्टी जपा. मॉडेल जीएलटीएफ किंवा ओबीजे अशा खुल्या स्वरूपात, एकास एक मापात. तीन रंगांचा एक कागदी नकाशा : काळ्यात प्रत्यक्ष, निळ्यात आभासी, लाल रेषेत माणसाच्या चालण्याचा मार्ग. कुणी काय पाहिले पाहिजे आणि कुठे हात टेकला पाहिजे, याचे साध्या भाषेतले वर्णन. आणि प्रश्न ९ मधले चार बिंदू. चिकटपट्टी महिन्यात निघते, म्हणून मालकाची संमती असेल आणि इमारत संरक्षित नसेल तिथे ते फरशीच्या सांध्यात पितळी खिळ्यांनी पक्के करा, आणि त्यांच्यामधली सहाही अंतरे नकाशावर मिलिमीटरमध्ये लिहा. पुढचे यंत्र कुठलेही असो, ते आणून त्या चार खिळ्यांवर टेकवले की जुळवणी पुन्हा करता येते.